एक मोजते, दुसरा लिवते

बाबा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी तुमची डेपोतली टेप माझ्या कपाटात आहे. तुम्ही आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागवानाचे घेर मोजत होता, तेव्हा मी घरी दार लावून स्वतःचे दंड मोजत होतो. चंद्रपूरच्या शरीरसौष्ठव स्पर्धेची तयारी चालली होती. सकाळी संस्कृतच्या पुस्तकातून देह नश्वर असल्याचं घोकायचं आणि संध्याकाळी त्याच देहासाठी आईकडे सहा अंडी मागायची, यात मला काहीच विसंगत वाटत नव्हतं. शिंपी म्हणे, तुझ्या शर्टाला दीड माणसाचं कापड लागते. आरशात मात्र मला रोज एक काटकुळा पोरगा दिसे. तो लोकांना दिसू नये म्हणून भर मे महिन्यात शर्टाच्या आत दोन बनियन घालायचो.

"काऊन रे, तुले थंडी वाजून राह्यली का?" तुम्ही विचारलंत. मी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग एक दिवस माझ्या उशीखाली तुम्हाला शिंप्याची टेप, मापांची वही आणि जिममधल्या एकानं दिलेली इंजेक्शनची बाटली सापडली. स्पर्धेआधी ती टोचून घ्यायची असं माझं ठरलं होतं. आता कानाखाली बसणार, असं मला वाटलं. तुम्ही मात्र वही शांतपणे वाचत बसलात. एकेका दिवसाची चार-चार मापं, चारही वेगळी.

"मोजलं कोनं?"

"मीच."

"अन् लिवलं?"

"मीच."

"मंग बरोबर येईन कसं? आमच्या इथी एक मोजते, दुसरा लिवते. आपलं लाकूड आपण मोजाचं नाई."

बाटली तुम्ही फेकली नाहीत. देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवलीत आणि म्हणालात, "रविवारी मी मोजतो. मंग काय कराचं ते तू ठरव."

रविवार. मी अंगणात उघडाबंब उभा आहे. तुम्ही एक डोळा बारीक करून माझ्याभोवती फिरता आहात आणि आई पायरीवर वही घेऊन बसली आहे.

"दंड एक्केचाळीस!" तुम्ही ओरडता, जणू आई यार्डाच्या पलीकडच्या टोकाला आहे.

"बेचाळीस लिवू का? पोराले बरं वाटन."

"हाये तेच लिव."

"बाबा, टेप सैल धरली तुम्ही."

"सव्वीस वर्सं सागवान मोजून राह्यलो. एकाही झाडानं तक्रार केली नाई."

एका सेंटिमीटरसाठी तुम्ही आईला अडवलंत, म्हणून मी तुमचा आकडा मानला. आरशातला काटकुळा पोरगा काही गेला नाही, पण बाटली मी परत मागितली नाही. स्पर्धेत सहांपैकी पाचवा आलो. "एक तं खाली हाये," तुम्ही म्हणालात आणि पुढच्या रविवारी पुन्हा टेप काढलीत. शेवटी शेवटी हात थरथरायचे तुमचे, पण टेप कधी सैल पडली नाही.

आता मी शाळेत संस्कृत शिकवतो आणि बनियन एकच घालतो. हे पत्र टाकायचं कुठे, म्हणून टेपेखालीच ठेवतो आहे. फक्त एक सांगायला हवं. लिहायला बसण्याआधी दार लावून मी दंड मोजला. छत्तीस भरला. लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं. आईची आठवण झाली आणि मी सदतीस लिहिलं.