चार ओळींचं पत्र आणि माझी भर

१२ नोव्हें. १९७६
ह्यांचं रशियातून दुसरं पत्र. ओझरच्या विमान कारखान्याने ट्रेनिंगला पाठवलंय, वर्षभर. चारच ओळी! तब्येत ठीक, बर्फ पडतो, जेवण बरं, आईस नमस्कार. संपलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. मी त्यांना आत्या म्हणते; नांदगावकडच्या, अक्षर येत नाही. पाकीट हातात धरून बसल्या.
"बर्फ पडतो म्हंजी कसा गं? पावसावानी?"
मी बर्फ पाहिलाय तो रसवंतीतला, भुशात घातलेला. तरी कागदाकडे बघत म्हणाले, "लिहिलंय ना पुढे. पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस उडावा तसा येतो. आवाज होत नाही."
धडधडीत खोटं. पण केवढ्या खुलल्या.

३ डिसें.
पत्र. 'नदी गोठली' एवढंच. मी अर्धं पान वाचलं. थंडीत डब्यातलं तूप जसं घट्ट होतं, तशी अख्खी नदी. बाया पिशव्या घेऊन वरून बाजाराला जातात.
गोदावरीला आत्या गंगाच म्हणतात. म्हणाल्या, "आपल्या गंगंवरून असं जाता आलं तर पुलाचा वळसा वाचंल."
चौथीच्या मुलांना निबंध शिकवते मी, तिथे नाही सुचत इतकं.

१९ डिसें.
नळावर आत्या बायकांना सांगत होत्या, "तिकडं मानूस बोलला की तोंडातून चुलीवानी धूर निघतो. माझ्या मधूनं लिव्हलंय."
हे मी वाचलंच नव्हतं! बादली तशीच ठेवून घरात आले. हसू आवरेना. थोडी भीतीही.

८ जाने. १९७७
पकडले गेले. पत्र दुपारी आलं, मी शाळेत. आत्यांना दम निघेना, शेजारच्या गायकवाडवहिनींकडून वाचून घेतलं. मी आले तर तांदूळ निवडत बसलेल्या.
"वहिनीनं वाचलं. चप्पल काढंपर्यंत संपलं."
म्हटलं, आत्या, चुकलं माझं.
"मधू ताप आला तरी तीन शब्द बोलायचा. मला त्या बर्फाच्या पत्रालाच कळलं."
"मग बोलला का नाहीत?"
"बोलले असते तर तू थांबली असतीस." सूप खाली ठेवलं. "पन एक खरं सांग. तो बरा हाय, हे तरी त्यानं लिव्हलंय का? का तेबी तुझंच?"
हा विचारच मी केला नव्हता. सगळी पत्रं काढली. प्रत्येकातलं 'तब्येत ठीक' बोटाने दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, बराच वेळ. मग म्हणाल्या, "हं. आता तुझं वाच."

२७ फेब्रु.
आता ठरलंय. आधी ह्यांचं, मग माझं. मधे थांबायचं.
आजचं: न्यूमोनिया झाला होता, आठ दिवस दवाखान्यात, आता बरा. जसंच्या तसं वाचलं. थांबले.
"म्होरं?"
"पुढे काही नाही आत्या." खरंच काही सुचेना. तिथली खाट कशी, कोण जवळ, काही नाही.
मग त्याच बोलायला लागल्या. "खिडकी आसंल. जाड गोधडी दिली आसंल. एखादी म्हातारी नर्स आसंल, माझ्याएवढी, ती म्हनत आसंल, पी रे बाबा पी." माझ्या पाठीवरून हात फिरवत. रडले. बरं वाटलं.

२१ सप्टें.
आले! वाळलेत, पण ठीक. सगळी आळी घरात. वहिनींनी विचारलंच, "भाऊजी, बर्फ कसा असतो हो?"
हे विचार करून म्हणाले, "गार."
आत्या हसून हसून खोकल्या. ह्यांना कळेना काय झालं.

२ ऑक्टो.
पत्रांचं ह्यांना सांगितलं. रागावतील वाटलं होतं. म्हणाले, "मी काय काय पाहिलं ते एकदा मलापण वाचून दाखव."

१५ ऑक्टो., शनि.
नवीनच. ह्यांना परत पाठवतायत, दोन वर्षं, ह्या वेळी बायकोला नेता येईल. फॉर्म सोमवारी द्यायचा. माझी नोकरी जूनमध्येच कायम झाली, रजा मिळेल न मिळेल. हे म्हणतात, तू म्हणशील तसं. आत्यांना विचारलं, तुम्ही एकट्या?
"एकटी कशी? वहिनी हाय. नांदगावला भाऊ हाय. तू जा. डोळ्यांनी बघून लिही."
तिकडची भाषा येत नाही. थंडी सोसेल का. आणि जावंसंही वाटतंय, खूप.
आत्ता बाहेर ओट्यावरून आत्यांचा आवाज येतोय, सगळ्यांना सांगतायत, "आमची सून चालली रशियाला."
मी अजून हो म्हटलेलं नाही.