जवळच्या कुळातली पाहुणी

४ मार्च
पोचलो एकदाचे. खोनकेन शहरापासून बसमध्ये माझी लेक पिम माझ्या अंगावर झोपली होती. नऊ वर्षांची झाली तरी झोपताना नाक माझ्या मानेत खुपसते. आम्ही दोघीच असतो, म्हणून असेल. बानयेनताई फाटकाशीच उभी होती. माझ्या मावशीची मुलगी, वीस वर्षांनी भेटली. तीच जिवणी, तेच कपाळ. अजूनही लोक आम्हाला सख्ख्या म्हणतील. पिमच्या सुट्टीत इथल्या मुंग्यांवर माझं काम उरकायचं आहे. ताई हसली. "मुंग्या मोजायला पगार मिळतो होय गं? आम्ही आपल्या नुसत्याच खातो." जेवायला लाल मुंग्यांच्या अंड्यांचं आंबट सार होतं. पिमनं तीनदा मागून घेतलं. ताईला मूल नाही. ती पिमकडे बघत राहिली, तेव्हा मला बरंच वाटलं.

९ मार्च
काचेच्या पेटीत तपकिरी मुंग्यांची वसाहत ठेवली आहे. आज तीत दुसरी राणी दिसली. जरा लहान, पण हुबेहूब पहिलीसारखी. अशी राणी स्वतःचं घर उभारत नाही. भरल्या वारुळात शिरते, तिथल्या आईला बिलगून तिचा वास अंगाला लावून घेते. मुंग्यांना चेहरा कळत नाही, वास कळतो. आणि ही पाहुणी बहुधा यजमानाच्याच कुळातली असते, कधीकाळी एकाच आईपासून फुटलेली. पिमनं विचारलं, मग खऱ्या आईचं काय होतं? मी विषय बदलला.

१३ मार्च
आंब्याला लावलेल्या शिडीवरून पडले. पाय सुजलाय, ताप आहे. ताई म्हणाली, जीव भेदरून झाडाखालीच राहिलाय. तिनं रीत केली: अंगातला कपडा मासे धरायच्या जाळीत घालून जीव उचलून आणायचा, आणि तो कपडा तीन दिवस ज्याचा त्याच्याच उशाशी ठेवायचा. लहानपणी आईनं माझ्यासाठी केलं होतं. मी घामेजलेला निळा सदरा काढून दिला. खिडकीतून ताईचा आवाज येत होता, "ये गं, घरी ये. लेकरू वाट बघतंय तुझं." फार माया होती त्या आवाजात. मला रडू आलं.

१५ मार्च
सदरा उशाशी नाही. विचारलं, तर ताई म्हणाली धुवायला टाकलाय. तो धुवायचा नसतो, हे तिलाही ठाऊक आहे. दुपारी तोच घालून ती भात शिजवत होती.

१८ मार्च
ताप उतरत नाही. पिम ताईच्या कुशीत झोपली होती, नाक तिच्या मानेत.
पेटीत जुन्या राणीला आता कुणी भरवत नाही.

२० मार्च
माझ्या अंगाला वासच येत नाही. घामाचासुद्धा. पिमला जवळ ओढलं, तर अंग चोरून नम्रपणे म्हणाली, "मावशी, तुमचे हात फार गार आहेत." शेजारच्या खामपुनकाकूंना हाका मारल्या. त्या आल्या, आणि माझ्या नावानं ताईलाच विचारू लागल्या. काय गं कान्निका, ही तुझी बहीण कधी बरी व्हायची?
कान्निका मी आहे. मी म्हणाले. काकूंनी ताईकडे कीव करून पाहिलं.

२२ —
जुनी राणी गेली. तिच्याच लेकींनी — पाय धरून ओढली. रागानं नाही. घर आवरावं तसं.

२३ किंवा २४
पिमसाठी लिहून ठेवते, वाचेल कधीतरी. पिम, तू जन्मलीस तेव्हा — पाऊस होता? कुणी हातात दिलं तुला माझ्या —
भिंतीपलीकडे ताई तिला तेच सांगते आहे. तू पायाळू होतीस, आधी रडली नाहीस, शिंकलीस. पिम हसते आहे. बरोबरच असणार. मला का नाही —

पिम आली. एकटीच. कपाळावर बट आलीय, बाजूला करावीशी वाटते. मी काही बोलत नाही, नाहीतर जाईल —
पायांशी बसली. दोन्ही हातांनी माझे पाय धरले. किती दिवसांनी शिवली मला, किती ऊबदार आहेत हे हात, पिम, थोडं हळू —