तिसऱ्या थांब्यावरची आत्या

३ नोव्हेंबर
आजपासून नवं आयुष्य. विमा कंपनीतली नोकरी सोडली ते बरंच झालं. (त्यांनी काढलं, असं बायको म्हणते. तिचा दृष्टिकोन.) 'विसरलेल्या बळींची पायी सफर' सुरू करतोय. शहरातले जुने, गाजलेले खून. बाकीचे गाइड खुन्यांच्या गोष्टी रंगवून सांगतात. मला बळींचा कळवळा आहे. हा कळवळा मार्केटमध्ये दुसऱ्या कोणाकडे नाही, त्यामुळे धंदा जोरात चालणार.

५ नोव्हेंबर
आत्याचा फोन. बाथरूमची कडी आतून लावली की निघता निघत नाही, येऊन बघून जा. आत्या एकटी राहते. शुगर आहे, रोज इंजेक्शन घ्यावं लागतं. मूलबाळ नाही, मला लहानपणी तिनेच सांभाळलं. म्हटलं, रविवारी नक्की. सध्या भाषण पाठ करतोय.

९ नोव्हेंबर
पहिली सफर. माणसं सहा, त्यातली दोन सासरची. तिसरा थांबा आत्याच्या इमारतीमागची गल्ली. इथे ऐंशी वर्षांपूर्वी शिवणकाम करणाऱ्या एका बाईला मारलं. ती ओरडत होती आणि एकही खिडकी उघडली नाही. हे सांगताना मी आवाज खाली आणतो. मग सगळ्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. नेमकी तेव्हाच आत्याने खिडकी उघडली आणि वरून विचारलं, कडीचं काय झालं? सगळा मूड गेला.

१० नोव्हेंबर
रविवार. कडी राहिली. स्क्रू ड्रायव्हर सापडेना. बायको म्हणाली, सुताराला पाठवा. घरच्या कामाला परका माणूस कशाला? आत्याला वाईट वाटेल.

१६ नोव्हेंबर
आज मोठा घोळका! तिसऱ्या थांब्यावर स्तब्धता सुरू झाली आणि आत्याच्या बाथरूमच्या झरोक्यातून ठकठक. मग, अरे कडी, कडी! चारचौघांत तेच रडगाणं. पुढे उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, वर कोणी अडकलंय का, बघायला हवं. मी कडक शब्दांत सांगितलं, निदान मेलेल्यांचा तरी मान राखा. बाई वरमल्या. मागून कोणीतरी कुजबुजलं, आवाजाची काय सुंदर योजना केली आहे! मी नाही म्हटलं नाही. आम्ही निघालो तशी ठकठक जास्तच वाढली. आत्याचा हट्टी स्वभाव.

१७ नोव्हेंबर
नेटवर पाच स्टार! एकाने लिहिलंय, ठोठावण्याचा आवाज ऐकून अंगावर काटा आला. आत्याला सांगायला हवं, दर शनिवारी एवढं करत जा. तिलाही विरंगुळा. फोन उचलत नाही. रुसली असणार.

१८ नोव्हेंबर
समजूत काढायला गेलो. नवी कडी घेऊन, तीही स्वतः दुकानात जाऊन! बेल वाजवली, दार उघडेना. बाहेर वर्तमानपत्रं तशीच पडलेली. गावाला गेली वाटतं. जाताना सांगायची पद्धत नाही. कडीची पिशवी दाराला अडकवून आलो. माझ्याकडून काम झालं.

१९ नोव्हेंबर
शनिवारची सफर फुल. बायको सकाळपासून म्हणतेय, आत्या न सांगता कधी कुठे गेली आहे? नको तिथे डोकं चालवते.

२० नोव्हेंबर
बायकोनेच शेजाऱ्यांना फोन केला. त्यांनी दार फोडलं. आत्या बाथरूममध्ये होती. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन चुकलं. सोमवारपर्यंत जिवंत असावी. सोमवारी मी बेल वाजवली होती. मी जेवलो नाही.

२१ नोव्हेंबर
चौकीवर बोलावलं. शनिवारच्या सफरीतल्या त्या बाईंनी जाऊन सगळं सांगितलं होतं. हवालदाराने विचारलं, शनिवारी आवाज ऐकला होता का? म्हटलं, ऐकला. कोणाचा ते ओळखलं होतं? म्हटलं, हो, आत्याचा. मग काय केलंत?

खरं तेच सांगितलं. दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो आणि पुढच्या थांब्याकडे निघालो.

त्याने लिहून घेतलं आणि सही करायला कागद माझ्यापुढे सरकवला.