आरशातली टोपी

कोलोरॅडो, डोंगरावरचा तळ
२ ऑक्टोबर

ती. डेलमरदादास आर्डिथचा सा. न.

वर फोन लागत नाही, म्हणून पत्र. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तुझा मेहुणा लोवेल आता काठी घेऊन चालतो. वाचा मात्र अजून परतलेली नाही, आणि गाडी चालवायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे. ट्रेलरच्या या तळाची रखवालदारीण हेटी रोज बजावते, की बाई, बर्फ पडलं की घाट बंद. ट्रेलर इथेच सोडा नि खाली जा. दादा, घर विकून या ट्रेलरमध्ये संसार मांडलाय. तो सोडून आजारी माणसाला नेऊ कुठे? खालच्या मेकॅनिकला विचारलं, तर आमच्या पिकअपचा मागचा आखूड हौदा पाहून त्याने हात जोडले. म्हणजे मीच चालवणार, तळाच्या फाटकाजवळच्या अरुंद वळणातूनही. कसं ते लिही. हसू नकोस.

तुझी आर्डिथ


नेब्रास्का, ६ ऑक्टोबर

चि. आर्डिथ हिस अनेक आशीर्वाद.

हसतोय कुठला, घास उतरत नाही. लांब हौद्याची गाडी घे म्हणून मी लोवेलच्या किती मागे लागलो होतो! असो. फाटकाजवळच्या वळणावर हौद्यावर आलेलं ट्रेलरचं नाक तुझ्या मानेमागच्या काचेतून आत येईल, एवढीच भीती आहे. म्हणून आधी ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लाव. ट्रेलर जिला अडकवलाय त्या हौद्यातल्या सरकत्या जोडणीचा खटका ओढ आणि पिकअप मुंगीच्या पावलाने पुढे घे. जोडणी मागे सरकून अडकली, की नाकाला जागा मिळते. आवाजावर विसंबू नकोस, उतरून डोळ्यांनी बघ, मगच ठोकळे काढ. हमरस्त्याला लागण्याआधी ती परत पुढे आण.

इतकी वर्षं तू मागे उभी राहून हात करायचीस नि लोवेल आतून तुझ्यावर खेकसायचा. आता हेटीला उभी कर. ती आरशात दिसेनाशी झाली, की थांब. लोवेलला मात्र उभा करू नकोस. त्याला ना ओरडता येईल, ना बाजूला पळता.

पोचल्याचं कळेपर्यंत माझा जीव टांगलेला राहील.

तुझा दादा


पायथ्याचं गाव, १२ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

पोचलो. आता ऐक, आणि रागाव.

सकाळीच बर्फ भुरभुरू लागलं. ठोकळे लावले, खटका ओढला, पुढे गेले, खट् वाजलं. बोटं गारठली होती. ठोकळे हेटीने काढले, मी उतरून पाहिलंच नाही. वळणावर गाडी एका दमात वळेना, म्हणून थोडी मागे घ्यायची होती. हेटी मागे उभी राहून दोन्ही हात एकदमच हलवत होती. ये म्हणते की थांब म्हणते, देव जाणे. लोवेलने काठी आपटली आणि माझं न ऐकता तो गाडीतून खाली उतरला. बाजूला कठड्याला टेकून, बरोबर माझ्या आरशात उभा राहिला.

मी मागे घेऊ लागले. एकाएकी त्याने टोपी काढली.

दादा, ती आमची खूण. टोपी काढली की जिथे असशील तिथे थांब. इतकी वर्षं मी काढायची नि तो थांबायचा. मी ब्रेकवर उभीच राहिले. वळून पाहते, तर काच आणि नाक यांत माझा तळहात जेमतेम मावेल. जोडणी अडकलीच नव्हती. मी मागे घेतलं तशी तीही पुढे सरकत आली होती.

खाली उतरले, तर हा काठीने जोडणी दाखवून, डोळे वटारून, अगदी पूर्वीसारखा माझ्यावर खेकसत होता. आवाज तेवढा नव्हता. हेटी म्हणाली, की आजारी माणूस इतका रागावतो का हो! मला मात्र रडू आवरेना.

पुन्हा सारं केलं, या वेळी डोळ्यांनी पाहून. फाटकाबाहेर पडेपर्यंत तो बर्फात बोडक्यानेच उभा होता. तो आत आल्यावर मी आधी त्याच्या केसांतलं बर्फ झटकलं आणि टोपी डोक्यावर ठेवली.

इथून पुढे गाडी माझी, टोपी त्याची. तुझी माया आहेच. रागही तेवढाच पाठव, दोघांत वाटून घेऊ.

तुझी आर्डिथ