टेनरने श्वास कुठे घ्यावा

मंगळवार, १४ जानेवारी
आफ्के बहिणीकडे लेवार्डनला गेली त्याला महिना झाला. तात्पुरतं आहे. ‘मी जाते’ एवढंच म्हणाली, ‘कायमची’ हा शब्द तिने वापरला नाही. मी नीट ऐकलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला थोडा हवापालट लागणारच.

मुख्य पुरावा असा, की दर मंगळवारी ती आमच्या बासरीच्या ग्रुपच्या प्रॅक्टिसला इथे स्नेक गावी येते. जिला नवरा नकोय, ती एवढं ड्राइव्ह करून त्याच्याच शेजारी बसून वाजवेल का?
संकल्प: २३ मार्चला चर्चमध्ये आमचा कार्यक्रम. त्याआधी आफ्के घरी.

मंगळवार, २१ जानेवारी
प्रॅक्टिस ड्यूकेच्या घरी. आमच्या चार रेकॉर्डर, म्हणजे उभ्या लाकडी बासऱ्या. सगळ्यात लहान आफ्केची, मग ड्यूकेची आल्टो, माझी टेनर, आणि रूर्दची बेस. रूर्द रिटायर्ड डेंटिस्ट. माणूस बरा, पण संगीतात कच्चा.

आमच्यात कंडक्टर नाही. आफ्के श्वास घेते, त्याबरोबर सगळे सुरू. तिचे नियम दोनच. कुणाचाही आवाज वेगळा ऐकू येता कामा नये. आणि शेजारचा श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही, नाहीतर गाण्याला भोक पडतं.

आज भोक पडलं! आफ्केने आणि रूर्दने एकाच जागी श्वास घेतला. चूक अर्थातच रूर्दची. मी तसं सांगितलं, अगदी सौम्य शब्दांत. यावर ड्यूके म्हणाली, विब्रन, कॉफी घे. बरोबर एकच बिस्किट मिळालं, डबा लगेच बंद.

मंगळवार, २८ जानेवारी
पुन्हा तेच भोक, त्याच जागी. रूर्दला बाजूला घेऊन म्हटलं, बाबा रे, घरी कुणाला तरी सोबत घेऊन वाजवत जा, म्हणजे सुधारशील. बिचारा कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, तसं करतोच आहे. मग फरक का दिसत नाही, असं मी विचारलं. ड्यूकेला जोराचा खोकला आला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
भोक बुजवायची जबाबदारी मी घेतली. त्या जागी माझा सूर लांबवला, थोडा जोर लावला. जोरात फुंकलं की रेकॉर्डरचा सूर चढतो, हे मलाही ठाऊक आहे. पण कुणीतरी पुढाकार घ्यायलाच हवा. ड्यूके म्हणाली, अरे, ही बासरी आहे, सायकलचा पंप नव्हे! आफ्के हसली. किती दिवसांनी हसली! रूर्दही हसला, पण त्याच्या हसण्याला काही अर्थ नाही.

निघताना आफ्केने विचारलं, नीट जेवतोस ना? हे काळजीशिवाय कुणी विचारतं का? मी म्हटलं, रोज वाटाण्याचं सूप करतो. खरं तर उभ्या उभ्याच पाव-चीज खातो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
सूप केलं. करपलं. भांडं भिजत घातलं आहे.

घर फार शांत आहे. सकाळी ती बासरी काखेत धरून ऊब द्यायची आणि दुसऱ्या हाताने कॉफी प्यायची. बोलायची नाही. मला तेव्हा त्याचा राग यायचा. आज कप दोन काढले, एक परत ठेवला. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

मंगळवार, ४ मार्च
योजना तयार. कार्यक्रमात शेवटच्या संथ गाण्यात ते भोक येणारच, रूर्द सुधारणाऱ्यांतला नाही. त्या जागी मी लग्नाआधी आफ्केला वाजवून दाखवायचो ते चार सूर घालणार. तिला कळेल. पुढचं सगळं आपोआप होईल. पलंगपोस धुवायला टाकला.

रविवार, २३ मार्च
भोक आलं. मी चार सूर वाजवले. जोर जास्त लागला, सूर चांगलाच चढला. आणि तिघांनीही, एकमेकांकडे न बघता, आपापला सूर तेवढाच वर घेतला आणि मला मध्ये घेतलं. ऐकणाऱ्यांना कळलंसुद्धा नाही. मला वाटलं, हा होकार.

नंतर आफ्के मला बाहेर सायकली लावतात तिथे घेऊन गेली. म्हणाली, बहिणीकडे मी आठवडाभरच होते, विब्रन. ख्रिसमसपासून रूर्दकडे राहते. मला वाटलं तुला कळलंय. श्वास एकत्र पडतो हे तुझ्याच तर लक्षात आलं होतं. रोज सोबत वाजवलं की होतं तसं, मोडायचा प्रयत्न केला, मोडत नाही.

मी विचारलं, आणि मंगळवार? ती म्हणाली, सध्या आम्ही तिघंच वाजवावं हे बरं, तिघांसाठीही चांगलं संगीत आहे. ती रडत होती. मी म्हटलं, गाडी जपून चालव, रस्ता निसरडा आहे. रस्ता कोरडा होता.

इतकी वर्षं शेजारी बसलो. आमचा श्वास एकदाही एकत्र पडला नाही. मी तो नियम अगदी काटेकोर पाळला.

मंगळवार, २५ मार्च
प्रॅक्टिसच्या वेळेला स्वयंपाकघरात बसून वाजवलं. एकटी टेनर. एक लांब सूर, मग थांबा, मग पुन्हा एक लांब सूर. चाल आफ्केकडे असते, माझ्या कागदावर तिथे नुसती विश्रांती. मी थांबायचं तिथे थांबलो आणि वाट पाहिली. मला ती हवी आहे. एवढं साधं वाक्य तिच्यासमोर कधी तोंडातून निघालं नाही.

तेवढ्यात शेजारच्या बाई दारात आल्या. म्हणाल्या, छान वाटलं ऐकून, आता बासरी शिकायला घेतलीत वाटतं?
मी म्हटलं, हो, नुकतीच सुरुवात केली आहे.