जावयाला न दिलेल्या गोळ्या

मलकापूर, मंगळवार, संध्याकाळ

"बाईचं दुखणं बाईतच ऱ्हाऊ द्यावं," आई म्हणायची. मीही तेच केलं ना?

सायलीला मायकोप्लाझ्माचा, नवरा-बायकोत एकमेकांकडून लागणारा, संसर्ग तिसऱ्यांदा निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नवऱ्यानं गोळ्या घेतल्या होत्या ना?" लेक माझ्याकडे बघत राहिली. आधीच्या दोन्ही वेळा त्यांनी दोघांसाठी गोळ्या दिल्या होत्या. सायलीला लाज वाटली, म्हणून नवऱ्याचं पाकीट मी देणार होते. पण जावई फौजेतून सुट्टीवर आलेले. पाहुणचारात असलं पाकीट त्यांच्या हातात कसं ठेवायचं? दोन्ही पाकिटं माझ्या साड्यांखाली पडून आहेत.

आता तिला ते औषध लागू पडत नाही. गर्भनळ्यांना सूज आलीय. मूल होईल का, विचारलं तर डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या.

कुंडलहून विहीणबाईंचा फोन आला. "आमचा पोरगा धडधाकट हाय. बिघाड तुमच्याच पोरीत हाय, आवं."

सायलीनं एवढंच विचारलं, "आई, दिलंच न्हाईस व्हय?" दोन पाकिटं. दोन्ही मीच ठेवून घेतली, कबूल केलं.

उद्या जावई तिला न्यायला येतायत. चिडतील, तपासणीला नाहीच म्हणतील. तरी म्हणणार आहे: जावईबापू, चूक माझी आहे. तुम्ही तपासून घ्या, औषध पुरं करा, आणि तोवर सायलीला माझ्याकडेच राहू द्या.