जोडीची गोळी

३ ऑक्टोबर
कलाचा चेहरा लालभडक. गळा, हातही. चार दिवस तुरीत होतो दोघं. फवारणीचा पंप माझ्या पाठीवर, पाणी आणून देणारी ती. मीच औषध उडवलं तिच्यावर! गुलाबराव, छत्तीस वर्षं टपाल वाटलंस, पण वारा कुठला ते कळलं नाही तुला.
ती उलट मलाच विचारते, "तुमची बीपीची गोळी राह्यली ना?" गोळी माझ्या जिवावर येते, म्हणून महिनाभर तीही माझ्याच पाकिटातली एक घेते. "घ्या, मी बी घेते. दोघं संगं." मग मी अंगणातल्या पेरूच्या झाडापाशी जाऊन चूळ भरतो.

५ ऑक्टोबर
गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध?"
कला म्हणाली, "हाव. तुरीवर मारलं." मलम मिळालं.

८ ऑक्टोबर
फोड आले. अंगणात पाय टाकला की "आंग जळून राह्यलं" म्हणते. तरी कापूस वेचायला निघाली होती! दारातच बसलो. "पहारा देता काय?" — हो, देतो. तिच्याशिवाय या घरात माझं पान हलत नाही.

१० ऑक्टोबर
लोणारला नेलं. डॉक्टर मंजुश्रीबाई, माझ्या पुतणीच्या वयाच्या. हनुवटीखाली पाहिलं, कानामागे पाहिलं, मग बांगड्या वर सरकवल्या. खालची कातडी स्वच्छ!
"फवारा उडाला असता तर इथंही झिरपला असता. इथं फक्त ऊन पोचलं नाही. मावशी, पोटात काय घेता?"
"औषध नाई घेत मी. गोळी घेते, यांच्यासंगं एक."
आमच्याकडे औषध म्हणजे पंपातलं, हे त्या बाईंना कोण सांगणार? ती गोळी काहींना उन्हात बाधते म्हणे. कलाची गोळी बंद. उन्हात जायचं नाही, फोड फोडायचे नाहीत.
"काका, तुम्हाला नाही ना काही त्रास या गोळीचा?"
नाही म्हणालो. खोटं नव्हतं ते.

१७ ऑक्टोबर
फोड सुकले. नवी कातडी गुलाबी आली आहे. मी चिडवलं, "नवरी दिसतेस." लाजली, या वयात. मग म्हणते, "माह्यं जाऊ द्या. तुमाले तं गोळी लागू पडली ना?"
जेवण गेलं नाही.

१८ ऑक्टोबर
आज पेरूकडे गेलो नाही. दीड महिना रोज तिथं गोळी थुंकत होतो. आज पहिली गोळी गिळली — तिच्यासमोर, एकट्यानं.